घातलं त्याहून जास्त निघालं

माझा थोरला भाऊ गाड्या दुरुस्त करतो. त्याच्या शेडमध्ये एक पद्धत आहे, ती मी दुसऱ्या कुठल्या गॅरेजात पाहिली नाही. इंजिनात नवीन ऑइल घातलं की रिकामा डबा तो टाकून देत नाही. डब्यावर खडूने गाडीचा नंबर लिहितो आणि मागच्या फळीवर ठेवून देतो. ती गाडी पुन्हा ऑइल बदलायला आली की जुनं काळं ऑइल खाली परातीत उतरवायचं आणि नरसाळ्याने त्याच डब्यात परत भरायचं. डबा गळ्यापर्यंत भरत नाही, थोडा रिता राहतो. तो रितेपणा दादा मालकाच्या डोळ्यांसमोर धरतो. "हे बघा, एवढं तुमच्या इंजिनाने प्यायलं. दोन बोटं चालतात. चार बोटं झाली की मला पुढचं बघावं लागेल."

चाळीस वर्षांत डबा नेहमी कमीच भरला. कधी बोटभर, कधी वीतभर. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे ते लागणार आहे.

शेड म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. एका बाजूला काच कापणारा, दुसऱ्या बाजूला गाद्यांचं दुकान, मध्ये दादाचं पत्र्याचं छप्पर. एका वेळी दीड गाडी मावते. दीड म्हणजे एक आत आणि दुसरीचं तोंड आत, शेपूट रस्त्यावर. मागच्या दारातून गेलं की दोन खोल्यांचं घर. पहिल्या खोलीत वहिनींचा पलंग, दुसरीत स्वयंपाक. माझं घर दोन गल्ल्या सोडून आहे. मी एकटीच असते, त्यामुळे दिवसातला निम्मा वेळ इकडेच जातो.

दादाला लोक 'नाकवाले मिस्त्री' म्हणतात. ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढायची, फडक्यावर पुसायची, पुन्हा बुडवून काढायची, थेंब अंगठ्यावर घ्यायचा, तर्जनीने चोळायचा आणि नाकाशी न्यायचा. बस. करपट वास आला तर इंजिन तापतंय, गोडसर आला तर थंड ठेवायचं पाणी आत झिरपतंय. तो सांगायचा ते खरं निघायचं. लांबलांबून लोक फक्त त्याने वास घ्यावा म्हणून यायचे. आमची आई म्हणायची, देवाने याला नाक दिलं आणि अभ्यासाचं राहून गेलं.

दोनेक वर्षांपासून मात्र दादाने एक नवीनच काढलं होतं. पट्टी बाहेर काढायची आणि मालकाच्याच नाकासमोर धरायची. "तुमची गाडी, तुम्हीच नाक लावा. सांगा, कसला येतो?"

शाळेची व्हॅन चालवणारी एक बाई आहे, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "मिस्त्री, पोरांचे डबे उघडले की कोणाच्यात काय आहे ते ओळखते मी. आता हेही करू होय?"

"करा की. कसला येतो?"

"करपलेल्या तव्यासारखा."

"बरोबर," दादा म्हणाला. "पंखा बघावा लागेल."

"पगार मला द्या मग," बाई म्हणाली आणि गाद्यावाल्यासकट सगळे हसले.

आम्हाला वाटलं, वय झालं तसा दादा शिकवायला लागला. लोकांनाही ते आवडलं. आपलं आपल्याला कळतंय म्हटल्यावर माणूस खूश होतो. मला त्यात वावगं असं काही दिसलं नाही. दिसायला हवं होतं.

याच दोन वर्षांत वहिनींचं दुखणं वाढलं. दोन्ही मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहाला हॉस्पिटलात यंत्राला लावायचं आणि चार तासांनी घरी आणायचं. आधी दादा त्यांना स्कूटरवर मागे बसवून न्यायचा. एकदा परत येताना त्यांना गरगरलं आणि त्या चौकात उतरून फुटपाथवरच बसल्या. हे लेकीच्या कानावर गेलं. लेक दूर असते, वर्षातून एकदा येते. तिने कुणाला न विचारता नवी कोरी गाडी घेऊन पाठवली. छोटी, पांढरी, बटण दाबून सुरू होणारी. मिस्त्रीच्या घरात चाळीस वर्षांत आलेली पहिली नवी गाडी. दादा बराच वेळ तिच्याभोवती फिरला आणि म्हणाला, "हिच्यात मी करायचं काय? सगळं झाकून ठेवलंय."

झाकलेलं त्याने उघडलंच. महिन्याभराने त्याने पट्टी बाहेर काढली, थेंब अंगठ्यावर घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे ऑइल आहे का पाणी? बोटावर थांबतसुद्धा नाही."

कोपऱ्यावर ऑइलचं आणि सुट्या भागांचं दुकान आहे. बाप होता तेव्हा बाप बसायचा, आता मुलगा बसतो. मुलगाही आता चाळिशीला आलाय, पण दादाला तो अजून पोरगाच वाटतो. त्याने समजावलं, "मिस्त्रीकाका, नव्या इंजिनांना पातळच लागतं. ऑइल ओतायच्या झाकणावर लिहिलेलं असतं बघा, शून्य आणि वीस. आतल्या वाटा बारीक असतात, थंडीतसुद्धा पटकन पोचायला पाहिजे."

"तुझ्या वडिलांनी मला पातळ ऑइल विकलं नाही कधी."

"तेव्हा गाड्या तशा होत्या, काका."

"गाड्या तशाच आहेत. कंपन्यांना घाई झालीय."

आणि दादाने पातळ ऑइल काढून टाकून आपलं नेहमीचं दाट ऑइल घातलं. साडेतीन लिटरचा डबा, अख्खा. डब्यावर नंबर लिहून फळीवर ठेवला. स्टिअरिंगखाली पुठ्ठ्याचं कार्ड बांधलं आणि त्यावर पुढचा आकडा टाकला: दहा हजार. एरवी तो जुन्या गाड्यांना तीन हजारांवर बोलावतो, पण ही नवी, आणि ऑइल दाट, म्हणून जरा सैल सोडली. त्याच्या कार्डांवर किलोमीटर असतात. तारीख कधी लिहितच नाही. ट्रक, व्हॅन, टॅक्सी रोज पळणाऱ्या. त्यांना तारखेचं काय?

आता हॉस्पिटल आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर आहे. सोडायला जायचं, परत यायचं, आणायला जायचं, परत यायचं. प्रत्येक वेळी दोन किलोमीटर आणि लगेच बंद. गाडी गरम व्हायच्या आत पोचलेली असते. दोन वर्षांत आकडा सत्तावीसशेच्या जवळ गेला होता. दादा कार्डाकडे बोट दाखवून म्हणायचा, "दहा हजार व्हायला आपण दोघं असू की नाही कोण जाणे." वहिनी म्हणायच्या, "तुम्ही असा. मला कंटाळा आलाय."

त्या असं काही रागाने म्हणत नसत. थकून म्हणत. घरात सगळेच थकलेले होते. दादा साडेचारला उठायचा. वहिनींना उठवायचं, वजनकाट्यावर उभं करायचं, आकडा वहीत लिहायचा. दिवसाला किती पाणी प्यायचं तेही ठरलेलं, एक बाटली, त्यात चहा आणि औषधाचा घोटही धरायचा. मग बिनमिठाचं काहीतरी दोन घास, मग गाडी. गाडीत कोणी बोलायचं नाही. मी मागच्या सीटवर पिशवी घेऊन बसायची आणि मनातल्या मनात नाम घ्यायची. निघण्याआधी रोज दादा बॉनेट उघडून पट्टी बघायचा. डिक्कीत एक खास फडकं ठेवलेलं असतं, वहिनींच्या जुन्या गाउनचं, निळ्या फुलांचं, फक्त या गाडीसाठी. पट्टी पुसायचा, बुडवायचा, खूण बघायचा आणि दर वेळी तेच वाक्य. "थेंब प्यालं नाही. उलट खुणेच्या वरच आहे. याला म्हणतात इंजिन."

दिवसभरात त्याला तेवढंच एक समाधान होतं. बाकी काही आपल्या हातात राहिलं नाही, निदान बायकोला नेणारी गाडी तरी आपल्या हाताखाली आहे, असं.

मग एका शुक्रवारी सकाळी, हॉस्पिटलच्या चढावर, गाडी जरा अडखळली आणि पुढच्या काचेखाली इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला.

"दादा, हे काय?"

"नव्या गाड्यांना दिवे फार. शिंकलं तरी लागतात."

वहिनींना यंत्राला लावलं की चार तास मला काही काम नसतं. त्या दिवशी मी गाडीच्या कप्प्यातलं पुस्तक पिशवीत टाकून वर नेलं होतं. पुस्तक चार भाषांत छापलेलं, त्यात आपली नाही. माझी शाळा मराठीतून झाली. परकी अक्षरं मला लागतात, पण अर्थ ओढून आणावा लागतो. बोटाने एकेक शब्द धरत मी दिव्यांच्या पानापर्यंत पोचले. तिथे इतकंच कळलं की गाडी दाखवून घ्या. मग ऑइलचं पान लागलं. आकड्यांचे चौकोन होते.

यंत्रावरची नर्स रक्तदाब बघायला आली. मी तिला म्हटलं, "पोरी, एवढं वाचून दे गं."

तिने उभ्या उभ्याच वाचलं. "दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते."

"वर्ष?"

"हो. आणि खाली बारीक अक्षरात आहे, गाडी रोज थोडीच अंतरं जात असेल, इंजिन पुरतं गरम होत नसेल, तर याच्या निम्म्यावर. म्हणजे सहा महिने." ती हसली. "माझी पण तशीच जाते हो. घर ते हॉस्पिटल. मला वाटायचं, कमी चालते म्हणजे जपून वापरतेय."

आमचं ऑइल दोन वर्षांचं होतं.

परत येताना मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "पुस्तकं लिहिणाऱ्यांना ऑइल खपवायचं असतं. पट्टी मी रोज बघतो ना? तू कशाला डोकं शिणवतेस?"  वहिनी मान टाकून बसल्या होत्या. अशा वेळी वाद घालवत नाही.

मी बावीस वर्षं एका हॉस्पिटलच्या धुलाई खात्यात नोकरी केली. चादरी, गाउन, पडदे, टॉवेल. डाग कसला आहे ते डोळ्यांना बऱ्याचदा कळत नाही, नाकाला कळतं. चुकीच्या टाकीत कपडा गेला तर अख्खी टाकी फुकट. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. दर शनिवारी दादाची फडकी मी घरी आणून गरम पाण्यात भिजवते. त्या शनिवारी निळ्या फुलांचं फडकंही पिशवीत आलं. बादलीत टाकायच्या आधी सवयीने मी ते नाकाशी नेलं आणि तशीच उभी राहिले.

ऑइलचा वास मला तीस वर्षं पाठ आहे. तो जड असतो, नाकात बसतो. हा नाकातून थेट डोक्यात जात होता. पेट्रोल. फडकं नुसतं पेट्रोलने दरवळत होतं, आणि डाग चिकट असायला हवा होता, तो बोटाला ओलसर लागत होता.

माझ्या मनात गाडीचं आलंच नाही आधी. पहिल्यांदा आलं ते हे की, दादा हे रोज हातात धरतो. नाकवाले मिस्त्री. आणि त्याला कळलं नाही?

मग एकेक आठवायला लागलं. पट्टी लोकांच्या नाकासमोर धरणं. जेवताना वरणाला खमंग फोडणी दिली तरी काही न बोलणं, जो माणूस दारातून विचारायचा, आज काय केलंय. मी देवापुढे बसले, पण जपात मन लागेना. सांगावं तर त्याच्याजवळ राहिलेलं एकच हिरावून घेतल्यासारखं. न सांगावं तर सोमवारी सहाला त्याच गाडीत वहिनी बसणार, आणि चढावर ती बंद पडली तर? यंत्राची वेळ चुकली की वहिनींना धाप लागते. एकदा आम्ही ते बघितलंय. पुन्हा बघायची ताकद नव्हती.

रविवारी सकाळी गेले. ऑइलचं दुकान रविवारी दुपारपर्यंत उघडं असतं, एवढा हिशेब मनात करून गेले. वहिनी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. दादा खाली बसून त्यांच्या गोळ्या खणाखणांच्या डबीत भरत होता.

फडकं मी त्याच्यापुढे धरलं. "दादा, याचा वास घे."

त्याने घेतला. डोळे मिटून, नेहमीसारखा. "ऑइलचा. दुसरा कसला येणार?"

"पेट्रोलचा येतोय."

"लागलं असेल हाताला काहीतरी साफ करताना."

"हे डिक्कीतलं आहे. दुसऱ्या कशाला तू वापरत नाहीस."

"धाकटे, उगाच फाटे फोडू नकोस. तू बावीस वर्षं चादरी धुतल्यास, आता मला इंजिन शिकवणार?"

"चादरीच धुतल्या," मी म्हटलं, "पण नाक उघडं ठेवून धुतल्या."

तो उठलाच. गोळ्यांची डबी कलंडली. तेवढ्यात वहिनी बोलल्या. आवाज अगदी साधा, कोणाला औषधाची वेळ सांगावी तसा. "वन्सं, त्यांना काय विचारता? दोन वर्षांपूर्वी तो आठवडाभर ताप आला ना, तेव्हापासून त्यांना वासच येत नाही."

"गप्प बस गं," दादा म्हणाला. पण जोर नव्हता.

"किती गप्प बसू? दूध दोनदा जळलं. दोन्ही वेळा मी इथून ओरडले, आणि तुम्ही शेगडीपाशीच उभे होता."

दादा परत खाली बसला. सांडलेल्या गोळ्या एकेक करून उचलायला लागला. उचलता उचलता म्हणाला, "येईल म्हणाला होता डॉक्टर. दोन-तीन महिन्यांत येईल. मी वाट बघत राहिलो. मग वाटलं, सांगून काय करू? लोक येतात ते कशासाठी येतात?"

 मी त्याच्याबरोबर गोळ्या उचलू लागले.

"पण डोळे शाबूत आहेत ना माझे," तो एकदम म्हणाला. "पातळी मी रोज बघतो. ऑइल खराब झालं असतं, कमी झालं असतं, तर दिसलं असतं. थेंबभर खाली नाही आलं. उलट वर आहे."

वहिनी उशीवरून त्याच्याकडे बघत होत्या. "अहो, वर आहे म्हणजे चांगलं, असं कोणी सांगितलं तुम्हाला? अंगात पाणी साठून माझं वजन दोन दिवसांत दोन किलो वर जातं. तेव्हा ती नर्स मला शाबासकी देते का?"

दादाच्या हातातली गोळी हातातच राहिली. मला तेव्हा नीट कळलं नव्हतं, पण त्याला कळलं असावं. त्याने डबी माझ्या हातात दिली, खुंटीवरून चावी घेतली आणि शेडमध्ये गेला.

त्याने गाडी आधी सुरू करून तशीच उभी ठेवली, ऑइल सैल व्हावं म्हणून. मग पुढची चाकं उचलून स्टँड लावले आणि खाली सरकला. त्याचे गुडघे वाजले ते मला बाहेर ऐकू आलं. पाना फिरला, बोल्ट सुटला. दाट ऑइल पडताना दोरीसारखं पडतं, संथ. हे नळ सोडल्यासारखं आलं. पिवळसर काळं, पातळ, परातीत उड्या मारत. 

वरचं झाकण उघडून त्याने आत बोट फिरवलं. बोटाला साईसारखं पांढरट काहीतरी आलं. "वाफेचं पाणी," तो म्हणाला. "गाडी तापलीच नाही कधी. वाफ आतच राहिली, न जळलेलं पेट्रोलही आतच राहिलं. जाणार कुठून?" हे तो मला सांगत नव्हता.

मग फळीवरून डबा काढला. दोन वर्षांची धूळ, त्यावर खडूने आमच्याच गाडीचा नंबर. नरसाळं लावलं. मी डबा धरला, त्याने परात उचलली. डबा भरत आला. मी मनात म्हटलं, आता थांबेल, बोटभर रिता राहील. गळ्यापर्यंत आला. नरसाळ्यात ऑइल तुंबलं. दादाने परात सरळ केली. परातीत अजून बरंच होतं.

त्याने दुसरं माप आणलं आणि उरलेलं त्यात ओतलं. अर्ध्या लिटरच्या वर भरलं. ते माप उजेडात धरून तो नुसता बघत राहिला.

"चाळीस वर्षं," तो म्हणाला. "चाळीस वर्षं घातलं त्याहून कमीच निघालं." मग खाली पालथ्या बादलीवर बसला. "हिच्या इंजिनात मी दोन वर्षं पेट्रोल साठवत होतो धाकटे. आणि रोज सकाळी उठून कौतुक करत होतो."

"इंजिन गेलं का?"

"गेलं नसावं. आवाज तसा नाहीये. पण गेलं असतं. चढावर, सकाळी, तिला घेऊन."  मी देवाचे आभार मनातच मानले.

दुकान बंद व्हायला अर्धा तास होता. मी म्हटलं, मी जाऊन आणते, काय लिहू ते सांग. "नको," तो म्हणाला. "मी गेलो नाही तर त्या पोराला वाटेल, तू दुसऱ्याच कुणासाठी नेतेयस." हात न धुताच निघाला. मी मागोमाग गेले.

दुकानदार शटर अर्धं ओढून बसला होता. "बोला मिस्त्रीकाका."

"शून्य-वीस दे. साडेतीन लिटर. आणि फिल्टर."

"कोणाच्या गाडीला?"

"माझ्या."

दुकानदाराने एकदा त्याच्याकडे बघितलं. त्याला दोन वर्षांपूर्वीचं सगळं आठवत होतं, चेहऱ्यावर दिसलं. पण शहाणा आहे. डबा काढून ठेवत एवढंच म्हणाला, "सहा महिन्यांनी आठवण करू का, काका?"

"कर," दादा म्हणाला. "आणि मोठ्याने कर. मी हुज्जत घालीन, तरी कर."

संध्याकाळपर्यंत सगळं झालं. नवीन फिल्टर, नवीन ऑइल. थोडा वेळ चालवून तेही काढून टाकून पुन्हा भरायला हवं, म्हणजे आतलं धुऊन निघेल, असं त्याने ठरवलं आणि महिन्यावर ठेवलं. पिवळा दिवा लगेच गेला नाही, पुढच्या बुधवारी गेला. सोमवारी सकाळी गाडी चढ चढली. दादाने स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की हात पांढरे पडले होते. स्टिअरिंगखालचं कार्ड बदललं होतं. किलोमीटरच्या खाली पहिल्यांदाच तारीख होती, सहा महिन्यांनंतरची.

नाकाचं त्याने लपवायचं सोडलं. लोकांना बोलावून सांगितलं असंही नाही. शाळेची व्हॅन आली तेव्हा पट्टी बाईंच्या हातात देऊन म्हणाला, "तुम्ही घ्या वास. मला येत नाही आता." बाई हसणार होती, मग हसली नाही. पट्टी नाकाशी नेऊन म्हणाली, "गेल्या वेळेसारखाच आहे. जरा कमी करपलेला." दादाने मान डोलावली आणि कामाला लागला. सगळेच तसे नसतात. एक जुना टॅक्सीवाला, वीस वर्षं येणारा, हे ऐकून दुसरीकडे जायला लागला. दादा दोन-तीन दिवस त्याच्याच गाडीचा डबा फळीवर इकडून तिकडे सरकवत होता. मग नंबर पुसून टाकला.

आता रविवारी आम्ही गाडी मोठ्या रस्त्याला नेतो. अर्धा तास सलग, न थांबता. इंजिन पुरतं तापलं पाहिजे, आत साठलेलं उडून गेलं पाहिजे, असं दादाचं म्हणणं. पहिल्या रविवारी तो एकटाच निघाला होता. वहिनींनी पलंगावरून विचारलं, "कुठे?"

"ऑइल तापवायला."

"मला न्या."

"तुला झेपेल का?"

"मला काय चालायचंय? बसायचंच आहे ना?"

त्यांना उशी लावून पुढे बसवलं. मी मागे, मांडीवर मोजलेल्या पाण्याची बाटली. दोन वर्षांत वहिनींनी हॉस्पिटलचा रस्ता सोडून दुसरा रस्ता बघितला नव्हता. गोदामं गेली, मग मोकळी माळरानं आली, विजेचे खांब. त्या काचेला डोकं टेकून बघत होत्या.

"बत्तीस वर्षांत फिरायला नेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि आता नेताय ते ऑइलसाठी."

"तू पण आहेस की गाडीत."

"हो, ऑइलबरोबर." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तापलं का तुमचं?"

"दहा मिनिटं अजून."

"पुढे नदीचा पूल आहे ना? तिथपर्यंत जाऊ या."

पूल यायच्या आधीच त्यांना झोप लागली. तोंड जरा उघडं, हात मांडीवर सैल. दादाने घड्याळ पाहिलं. अर्धा तास कधीच होऊन गेला होता, मला मागून दिसत होतं. पूल आला, गेला. वळायला मोकळी जागाही आली. दादाने वेग थोडा कमी केला, खड्डा चुकवला, आणि गाडी तशीच सरळ जाऊ दिली.